माळकरणीचा शब्द

गोजरबाईने गळ्यातली तुळशीची माळ डोक्यावरून काढली, मण्यांत अडकलेला कापूस फुंकून उडवला आणि शेजारी बसलेल्या मनकर्णाच्या हातात ती ठेवली.

"धर. पदराले बांधून ठेव."

मनकर्णाने हात भाजल्यासारखा मागे घेतला. "अवं, काऊन काढली वं? सतरा वर्सात आंघोळीलेबी काढली नाही तू."

"साहेब आला."

जिनिंगच्या फाटकातून इंद्रभान मुनीम पुढे आणि मेहकरच्या मोटारीतून उतरलेला, मजुरी तपासणारा सरकारी साहेब मागे, असे दोघे येत होते. कापसाच्या गंजीभोवती बसलेल्या बावीस बायांचे हात एकदम भराभर चालू लागले. कापसातली कवडी म्हणजे न फुललेला कडक कापूस, किडका कापूस आणि पाला वेचून काढायचा, हे त्यांचं काम. त्याला ना शिक्षण लागे ना कुणाची शिफारस. डोळे शाबूत आणि कंबर वाकती असली की झालं. म्हणूनच एक उठली की तिच्या जागेसाठी डोणगावात दहा तयार असत.

सरकारने या कामाला रोजचे दोन रुपये ठरवून दिले होते. हाती पडत सव्वा. सकाळीच मुनिमाने सगळ्यांना बजावलं होतं, "जी सव्वा म्हणंन, तिच्यासाठी फाटक बंद. तिच्या घरच्यायसाठीबी." मग गोजरबाईकडे वळून त्याने आवाज मऊ केला. "साहेबासंग तू बोलजो, गोजरबाई. माळकरणीचा शब्द कोनी खोडत नाही. तुह्या सुनेचं नाव उद्याच वहीत चढवतो, जाय."

सून विमल पहिल्यांदाच कामासाठी घराबाहेर पडली होती. 'हात बघू आधी' म्हणून दोन दिवस मुनिमाने तिला फुकट राबवलं होतं. नाव वहीत नाही, तर रोजही नाही. मुलगा शेषराव विहिरीच्या कामावर पाय मोडून घेऊन घरी पडलेला. ज्वारी रुपयाला सव्वा किलोवर आलेली. दिवसभर कंबरेचा काटा ढिला करून गोजरबाई घरी न्यायची काय, तर दीड किलो ज्वारी. तेल, मीठ, औषध, नातवाचं दूध, हे सगळं पांडुरंगाने बघायचं.

मागच्या एकादशीला मारुतीच्या पारावर बुवा कीर्तनात म्हणाले होते, "बायाहो, खोटं तोंड बोलत नाही, पोट बोलते. तोंड बिचारं नुसता अंगठा उठवते." सगळा पार हसला होता. गोजरबाईही हातातले टाळ सावरत हसली होती. आता तेच वाक्य तिला पुन्हा ऐकू आलं.

मुनिमाची नजर तिच्या मोकळ्या गळ्यावर गेली आणि त्याचा चेहरा उतरला. पण तोवर साहेब गंजीपाशी पोचला होता. तो बायांसारखाच उकिडवा बसला.

"बाई, रोज किती मिळतो तुम्हांला?"

गोजरबाईने हातातली कवडी बाजूला टाकली. दुसरी उचलली.

"घाबरू नका," साहेब म्हणाला. "कमी मिळत असेल तर सांगा. मागचा फरकसुद्धा मिळवून देता येतो."

माणूस भला दिसत होता. करडा असता तर बरं झालं असतं. पण भला माणूस संध्याकाळच्या मोटारीने निघून जाणार, आणि फाटकाची किल्ली इंद्रभानच्या करदोट्यालाच राहणार. समोर बसलेल्या विमलने मान वर केली नाही. तिची बोटं मात्र कापसात थांबली होती.

"दोन रुपये," गोजरबाई म्हणाली.

"सगळ्यांना?"

"हाव. सगळ्यायले."

साहेबाने कागदावर काहीतरी लिहिलं आणि मुनिमाने मागवलेला चहा न घेताच तो उठला.

दुसऱ्या दिवशी विमलचं नाव वहीत चढलं. माळ मात्र मनकर्णाच्या पदरातच राहिली. ती रोज गाठ सोडू लागे, "घे वं, माय, मले जड होते." गोजरबाई म्हणे, "राहू दे अजून." संध्याकाळी पारावर टाळ वाजू लागले तरी ती उठली नाही. चुलीपुढे बसून तिने बोटांनी गुडघ्यावर ठेका धरला, आणि मग तोही सोडला.

चौथ्या दिवशी पगार होता. बाया खिडकीपुढे रांगेत उभ्या राहिल्या. पहिला पुकारा गोजरबाईचा झाला. तिने वहीत अंगठा उठवला आणि मुनिमाने तिच्यापुढे बारा रुपये ठेवले.

"मुनीमजी, चुकलं तुमचं. साडेसात होते."

"चुकलं नाही. सहा दिवस, दोन रुपयानं." तो खिडकीतून पुढे झुकला आणि मागच्यांनाही कळेल असं बोलला, "शेठनं सांगतलं, तिच्यापुरतं खरं करून टाका. आता तू कुठं खोटं बोलली? घाल माळ गळ्यात अन् खुशाल कीर्तनात बस."

रांगेतून आशाबाईचा आवाज आला, "आमच्याबी गळ्यात एकेक माळ घाला हो, मुनीमजी. नाही तं मनकर्णाच्या पदरातली भाड्यानं द्या."

कुणी हसलं नाही.

साडेचार रुपये जास्तीचे. शेषरावच्या पायाचं तेल, नातवाचं आठवड्याचं दूध. गोजरबाईची मूठ तिला न विचारताच मिटली. ती बाजूला सरकली. रांगेतली एकही बाई तिच्याकडे पाहत नव्हती.

"विमल शेषराव. चार दिवस, पाच रुपये," एकाच घरची म्हणून मुनिमाने लगेच पुकारलं आणि वही फिरवून शाईची डबी पुढे केली. रांगेत एकीलाही अक्षरओळख नसणार, हे तो धरूनच चाले, त्यामुळे वही झाकायची गरज त्याला कधी पडलीच नव्हती.

विमलने अंगठा शाईला लावला नाही. पदर सावरून ती वहीवर वाकली.

"मुनीमजी, इथं तं आठ लिवले हाये."

"तुले काय समजते त्यातलं?"

"माहेरी चवथी शिकली मी." तिचं बोट वहीतल्या पहिल्या नावापासून खाली सरकत होतं. "गोजरबाई, बारा. मनकर्णाबाई, बारा. भिमाबाई, बारा..."

मुनिमाने वहीवर पंजा मारला. विमलने दोन्ही हातांनी वहीची कड घट्ट धरली.

"गोजरबाई! सुनेले आवर तुह्या. नाही तं उद्यापासून दोघीबी घरी बसा!"

आता मात्र सगळी रांग गोजरबाईकडे पाहत होती. जिचं नाव वहीत चढावं म्हणून तिने आपला शब्द घालवला, तीच पोर ते नाव आज आपल्या हाताने पुसायला निघाली होती. मुठीतल्या नोटा घामाने ओल्या झाल्या होत्या. घरी शेषराव वाट पाहत असेल.

ती पुढे झाली आणि तिने विमलच्या खांद्यावर हात ठेवला. विमल वाचायची थांबली. सासू आता दंडाला धरून ओढत नेणार, अशा भीतीने तिने डोळे मिटून घेतले.

"मोठ्यानं वाच, माय," गोजरबाई म्हणाली. "मागं भिमाबाईले आयकू येत नाही."