नोकरी गेल्याची तालीम

हर्षवर्धनची नोकरी एक तारखेला गेली. म्हणजे तशी गेली नव्हती. ती गेली असं समजून महिनाभर राहायचं, असं त्याने आणि त्याच्या बायकोने, प्रणिताने, ठरवलं होतं.

हे खूळ त्याच्या धंद्यातूनच आलेलं. माधापूरच्या एका कंपनीत तो सॉफ्टवेअर टेस्टर होता. दुसऱ्यांनी बनवलेलं ॲप लोकांच्या हातात पडण्याआधी मुद्दाम मोडून बघायचं, उलटीसुलटी बटणं दाबायची, मध्येच नेट तोडायचं आणि कुठे काय कोसळतं ते सांगायचं, याचा त्याला पगार मिळे. आता तेच काम एआय करू लागलं होतं, तेही चहाची सुट्टी न मागता. त्याच्या रांगेतल्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या झाल्या. मॅनेजर म्हणाला, "तुझ्याबद्दल अजून तरी काही नाही." त्या 'अजून'ने हर्षवर्धनची झोप उडवली.

मग त्याने घरच टेस्टिंगला लावलं. त्याचा पगार आला की सरळ दुसऱ्या खात्यात, त्याला हात लावायचा नाही. घर चालवायचं ते प्रणिताच्या पगारावर. ती जामबागच्या एका शाळेत शिकवायची आणि आपल्या पगारात भाडं, किराणा, फी बसते का हे पाहायची तिलाही धास्तीमिश्रित उत्सुकता होती. गाडीवर कव्हर चढलं. मलकपेठहून हर्षवर्धन मेट्रोने जाऊ लागला. बाहेरचं खाणं बंद झालं. नऊ वर्षांच्या ईशाला समजावून सांगितलं, की या महिन्यात पापाची नोकरी गेलीय असं समजायचं.

फक्त आईला, भामाबाईंना, सांगायचं नाही असं ठरलं. ती उगाच जिवाला लावून घेईल, असं हर्षवर्धनचं म्हणणं. इतकी वर्षं टेस्टिंग केलेल्या माणसाने ही चूक करावी, याला काय म्हणावं? परीक्षा चालू आहे हे तिची झळ बसणाऱ्या सगळ्यांना आधी सांगायचं असतं, हे तो नव्या पोरांना शिकवत आला होता. पण आई म्हटली की शिकलेलं विसरायचं, ही आपल्याकडची रीतच आहे.

ईशाने चार दिवस तोंड शिवून ठेवलं. पाचव्या दिवशी आजीने विचारलं, "का गं, या ऐतवारी बिर्याणी नाही आणली तुझ्या पापानं?"

"पापाची नोकरी गेलीय ना," ईशा म्हणाली आणि खेळायला पळाली.

भामाबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. मग त्यांना सगळं स्पष्ट दिसू लागलं. गाडी झाकून ठेवलेली. नवे बूट घ्यायचे होते ते राहून गेलेले. आणि लेकरू रोज सकाळी डबा घेऊन, बॅग अडकवून, हापिसाला जायचं सोंग करून कुठेतरी बसून येतंय. त्यांनी चकार शब्द काढला नाही. विचारून पोराला आणखी खाली बघायला कशाला लावायचं? त्या डब्यात एक पोळी जास्त घालू लागल्या. संध्याकाळी तो आला की पंखा त्याच्याकडे वळवून ठेवू लागल्या. हर्षवर्धनला वाटलं, आई म्हातारपणी मऊ झाली. माणूस किती आंधळा असू शकतो ते बघा.

पौर्णिमेला भामाबाई काचीगुड्याच्या विहारात गेल्या. वंदना झाली की तिथे मागच्या खोलीत बायकांची चिट्टी असायची. सगळ्यांनी दरमहा पैसे घालायचे आणि एकीने सगळे उचलायचे. ज्यांना घाई असते त्या बोली लावतात. जी जास्त पैसे सोडायला तयार होते तिला त्या महिन्याची चिट्टी मिळते आणि सोडलेले पैसे सगळ्यांत वाटले जातात. जी शेवटपर्यंत थांबते तिला पुरी रक्कम. भामाबाई दर खेपेला शेवटच्या. नवरा गेल्यावर रेल्वेची जी पेन्शन मिळे त्यातून त्या पैसे घालत आणि या चिट्टीवर त्यांनी बोधगयेचा प्रवास ठरवून ठेवला होता.

त्या रात्री जेवणं चालली होती. भामाबाई आल्या आणि पदराखालून रुमालाचं गाठोडं काढून त्यांनी हर्षवर्धनच्या ताटाशेजारी ठेवलं.

"घे लेकरा. फिकीर करू नको. नोकरी काय, येते आन् जाते."

हर्षवर्धनने गाठ सोडली. आत नोटांच्या गड्ड्या होत्या. प्रणिताने ईशाकडे पाहिलं. ईशाने ताटाकडे.

"आई, ही तर चिट्टी आहे. बोधगयेची."

"बुद्ध कुठं पळून जायलाय? पुढच्या साली जाईन."

"किती सोडावे लागले?"

"तेच तर सांगायलेय. म्या बोली लावली तर सगळ्या माझ्या तोंडाकडं बघायल्या. म्या कधी बोलत नाही ना. मग एक बी बाई बोलली नाही. माझी पहिलीच बोली, तिथंच थांबली. पद्मावतीला तर लई गरज होती, तिच्या गीताची नर्सिंगची फीस भरायची हाय. ती बी गप बसली. निघताना निस्तं म्हणाली, तुमचं आधी होऊ द्या भामाक्का."

हर्षवर्धनला लाजेने मेल्यासारखं झालं. खोटी नोकरी गेली होती आणि पैसे मात्र खरे आले होते, तेही एका पोरीच्या फीमधून. त्याने सगळं सांगून टाकलं. नोकरी आहे, पगार बँकेत आहे, ही नुसती तालीम होती.

भामाबाईंनी गाठोड्याची गाठ पुन्हा मारली. मग म्हणाल्या, "पोरीला सांगितलंस. मला नाही."

"तुला त्रास होईल म्हणून."

"त्रास? तू कुठं बसून डबा खातोस म्हणून पंधरा दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही. आन् म्हणे त्रास." त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्याचा त्यांना आणखी राग येत होता. "ऊठ. पद्मावतीकडं चल."

हर्षवर्धनने गाडीचं कव्हर काढलं. बसता बसता भामाबाईंनी टोमणा मारलाच, "पेट्रोल हाय का तिच्यात, का ते बी हाय असं समजायचं?"

काचीगुड्याला पद्मावतीने दार उघडलं. गीता मागे उभी होती. हर्षवर्धनने गाठोडं पुढे केलं आणि मान खाली घालून पुन्हा सगळी कथा सांगितली. पद्मावती आधी ऐकत राहिली, मग पदर तोंडाला लावून हसू लागली, आणि हसता हसता एकदम गंभीर झाली.

"हे तालमीचं आमालाबी शिकवा की, भाऊ. आमचा पोरगा अनिरुद्ध कॉल सेंटरला हाय. तिथंबी आता मशीनच बोलायलंय म्हणे. तो नुसता परेशान होऊन फिरायलाय, घरी कोणाला सांगत नाही."

"तो पण सांगत नाही?" भामाबाईंनी लेकाकडे असं पाहिलं, की त्याने लगेच खुर्ची ओढून घेतली.

अनिरुद्धला बाहेर बोलावलं. चहा झाला. हर्षवर्धनने सांगितलं, की पहिल्या आठवड्यात घर पार कोलमडलं होतं, दुसऱ्यात जरा सावरलं, आणि आता प्रणिताच्या पगारावर महिना ओढूनताणून का होईना निघणार असं दिसतंय. म्हणजे उद्या खरंच वेळ आली तर साठवलेल्या पैशाला घाईने हात लावावा लागणार नाही. नवं काही शिकायला, दुसरं काम शोधायला उसंत मिळेल. अनिरुद्ध पहिल्यांदाच मोकळेपणी बोलला. घरात कोणी ऐकून घेईल असं त्याला वाटलं नव्हतं.

निघताना पद्मावतीने चिट्टी ठेवून घेतली आणि भामाबाई पुन्हा शेवटच्या नंबरवर गेल्या. पुढच्या पौर्णिमेला बायकांनी एक नियमही केला: कोणाच्या घरातली नोकरी गेली तर त्या महिन्याची चिट्टी तिला, बोलीशिवाय.

त्या रात्री परतताना हर्षवर्धन गाडी हळू चालवत होता. महिन्याच्या खर्चात त्याने सगळं धरलं होतं, भाडं, फी, दूध, औषधं. पण एका खोलीभर बायका आपल्या गरजा गिळून गप्प बसतात, ही गोष्ट त्याच्या हिशेबात कुठेच नव्हती. नोकरी राहील की जाईल हे त्याला आजही माहीत नव्हतं, पण भीती पहिल्यासारखी उरली नव्हती.

चादरघाटच्या पुलावर भामाबाई म्हणाल्या, "पुढच्या खेपेला नोकरी घालवशील, खरी का खोटी, तर पहिलं मला सांगायचं."

"हौ, आई," तो म्हणाला.

"आन् त्या लेकराला येत्या ऐतवारी बिर्याणी आण. पैसे मी देते."