बंगई, त्याइले सांग

मी एक जुनी बंगई आहे. मित्रांनो, तुमच्यातले पुण्या-मुंबईकडचे मला झोपाळा म्हणतील. खुशाल म्हणा, पण हिवरखेडला येऊन म्हणू नका. इथे वऱ्हाडात मी बंगईच. एकट्या फळीचं वजन पस्तीस किलो, साखळ्या वेगळ्या. वजन सांगायला मी लाजत नाही. लाजायचं ते आजकालच्या सोफ्यांनी, ज्यांच्या पोटात भुसा आणि अंगावर रेक्झीन.

माझा जन्म अकोटचा. सुभद्राबाईंच्या लग्नात आंदण द्यायचं म्हणून त्यांच्या वडिलांनी मेळघाटातलं सागवान मिळवलं आणि नबी मिस्त्रींना गाठलं. वडील म्हणाले, फळी जरा पातळ चालेल, दोघंच तर बसणार आहेत. नबी मिस्त्री फटकळ माणूस. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि म्हणाले, "भाऊ, इसपे दो आदमी का वजन नहीं, दो आदमी का झगडा बैठनेवाला है. जाडीच लागते." म्हणून मी अडीच इंच जाड झाले.

नवरीच्या पाठोपाठ मी ट्रकातून हिवरखेडला आले आणि नत्थुजींच्या बैठकीत टांगली गेले. सुरुवातीला घरात सासू-सासरे असल्यामुळे नवराबायको माझ्यावर दोन टोकांना बसत. मध्ये एक अख्खी पायली मावेल एवढी जागा. पुढे ती जागा हळूहळू कमी झाली. मग त्या जागेत अंकुर आला. त्याला दात येत होते तेव्हा त्याने माझा डावा कोपरा चावून काढला. त्या खुणा मी अजून मिरवते. पाहुणे म्हणायचे, बंगई असावी तर नत्थुजीची. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, पण जरा मोठा झोका द्यायचे.

या घराची भांडणंही माझ्यावरच व्हायची. दोघं येऊन बसत, पायाने झोका देत आणि सुरू होत. हलता हलता राग फार टिकत नाही, मित्रांनो. वीस-पंचवीस झोक्यांत सुभद्राबाई चहा ठेवायला उठत आणि भांडण मिटे. चाळीस वर्षं असं चाललं.

मग वरूडचं प्रकरण झालं. मी तिथे नव्हते, पण ते इतक्यांदा ऐकलंय की मला त्याची चवसुद्धा सांगता येईल. नत्थुजींची धाकटी बहीण पंचफुला वरूडला दिलेली. तिच्या संत्र्याच्या बागेत हिवाळ्यात पंगत होती. तिने पातोडीची भाजी केली होती, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा झणझणीत रस्सा. नत्थुजींनी बोटं चाटली आणि पन्नास माणसांसमोर म्हणाले, "पंचफुले, असा रस्सा चाळीस वर्सांत खाल्ला नाई!"

त्यांच्या लग्नाला त्याच महिन्यात चाळीस वर्षं झाली होती. हा हिशेब पंगतीत सगळ्यांनी केला आणि सर्वांत आधी सुभद्राबाईंनी.

घरी आल्यावर त्या माझ्यावर बसल्याच नाहीत. खुर्ची ओढून घेतली. अबोला सुरू झाला. नत्थुजींचं म्हणणं, मी खोटं काय बोललो? सुभद्राबाईंचं म्हणणं काहीच नव्हतं, आणि तेच तर भारी होतं. पण घर काही मुक्याने चालत नाही. पाचव्या दिवशी नत्थुजींनी माझ्याकडे पाहिलं आणि घसा खाकरला.

"बंगई, हिले सांग, च्यात साखर नाई."

स्वयंपाकघरातून उत्तर आलं, "बंगई, त्याइले सांग, डाक्टरनं साखर बंद केली हाये. गोड लागत असंल तर वरूडले जाऊन पी म्हना."

त्या दिवसापासून मी टपालखात्यात रुजू झाले. गॅस संपला, मोटार बंद पडली, लग्नाची पत्रिका आली, सगळं माझ्यामार्फत. खरं सांगते, मला आधी गंमतच वाटली. एवढा मान कोणत्या फळीला मिळतो? पण दोघं आता एकेकटे बसत. सकाळी ते, दुपारी त्या. दोघांच्या मापाची बंगई एकाच अंगाला दबली की साखळी कुरकुरते. सुभद्राबाई एकट्या असल्या तरी अगदी कडेला बसत, शेजारची जागा सोडून. ते पाहून मला फार वाईट वाटायचं.

अशी तीन वर्षं गेली. अंकुर आता अमरावतीला कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवतो. आईबाबांवर काही उपाय चालेना, तेव्हा त्याने टीव्हीवरच्या 'घर नवं, जोडी जुनी' या कार्यक्रमाचा फॉर्म भरला. कार्यक्रमाचा हिवाळी विशेष भाग होता. जुन्या जोडप्याचं घर चार दिवसांत नवं करून द्यायचं आणि त्यांचं प्रेम महाराष्ट्राला दाखवायचं. अंकुरने लिहिलं, 'बाबा रोज आईसाठी गजरा आणतात.' नत्थुजींनी जन्मात आणली ती गवार. पण गणिताच्या मास्तरने मनापासून खोटं लिहिलं की ते खरं वाटतं. त्यांची निवड झाली.

डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत पुण्याहून कार्यक्रमाच्या दीपमाला मॅडम चौदा माणसं घेऊन आल्या. दारातच त्यांनी ऐकलं, "बंगई, हिले सांग, पाहुण्याइले पानी दे."

"बंगई, त्याइले सांग, मले डोये हायेत."

मॅडमनी छातीवर हात ठेवला. "किती गोड! दोघं झोपाळ्याशी बोलतात! कॅमेरा सुरू ठेवा!" शूटिंगसाठी सुट्टी काढून आलेल्या अंकुरला त्या थंडीत घाम फुटला.

मग त्यांना एक सुंदर दृश्य सुचलं. उन्हाच्या तिरिपेत रिकामी बंगई हळूहळू हलते आहे, मागे सनई. त्यांनी मला धक्का दिला मात्र, दोन दिशांनी एकदम आरडाओरडा झाला, "रिकामी बंगई हालवू नका वो!"

"का बरं?" मॅडम दचकल्या.

"घरात भांडन होते," सुभद्राबाई म्हणाल्या.

"पण तुमच्यात तर भांडण होतच नाही ना?"

नत्थुजी छताकडे पाहू लागले. सुभद्राबाई पदर नीट करू लागल्या. अंकुरने सगळ्यांना संत्री वाटली.

आता माझ्या दुर्दैवाकडे येते. कार्यक्रमाचे प्रायोजक सोफेवाले होते. त्यामुळे माझ्या जागी सोफा येणार होता. मॅडमनी रीतसर विचारलं, "झोपाळा काढला तर चालेल ना?" नत्थुजींना वाटलं, हिच्या माहेरचं आंदण आहे, ही नाही म्हणेल. सुभद्राबाईंना वाटलं, त्यांचं घर आहे, ते नाही म्हणतील. शिवाय दारी आलेल्या पाहुण्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं? दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"बंगई, हिले इचार, चालते का."

"बंगई, त्याइले सांग, त्याइच्या मनावर हाये."

मी काय बोलणार, मित्रांनो? तासाभरात नबी मिस्त्रींचा मुलगा शाकीब कड्या सोडवायला आला. आता त्याचं दुकान हिवरखेडला आहे. माझ्यावर हात फिरवून तो पुटपुटला, "अब्बाच्या हातचं काम हाये, अन् मलेच काढाले लावता." पण काम घेतलं होतं, त्याने काढलं.

कापूसवेचणी चालू असल्यामुळे नवराबायको गाव सोडून जाणार नव्हते. ते गोठ्याशेजारच्या खोलीत राहायला गेले. मला अंगणात दोन ड्रमांवर आडवं ठेवलं आणि अकोल्याहून आलेला बंडू पेंटर माझ्यावर चढून बाहेरची भिंत रंगवू लागला. पायात जोडे. तीन वर्षं निरोप्या होते, आता पायरी झाले. गुलाबी रंगाचे थेंब माझ्या पाठीवर टपटप पडत होते.

सुभद्राबाई बादली घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी ते पाहिलं. एरवी त्यांनी मलाच निरोप दिला असता. पण माझ्याच हालाचा निरोप मी कसा देणार? त्यांनी बादली टाकली आणि सरळ गोठ्याकडे ओरडल्या, "अवो, या ना इकडं! आपल्या बंगईवर जोडे घालून उभा हाये तो!"

नत्थुजी धावत आले. "उतर रे! तुह्या बापाची हाये का ते?" बंडू घाबरून उतरला. नत्थुजींनी धोतराच्या सोग्याने रंग पुसला. "पाह्यलं का वं, कोपऱ्यालेही लागला."

"तिकडून पुसा ना, इकडं पसरून राहिला."

आणि मग दोघांच्या लक्षात आलं. दोघं एकदम ताठ झाले. त्या बादली उचलून गेल्या, ते बैलांकडे गेले. पुढचे दोन दिवस तर सगळंच थांबलं. समोरासमोर बोलायची लाज, आणि निरोप द्यायला मी जागेवर नाही. अंगणात पडल्या पडल्या मला धास्ती वाटू लागली. सोफा कायमचा आला तर ही माणसं जन्मभर मुकीच राहतील.

चौथ्या दिवशी डोळ्यांच्या पट्ट्या सोडून दोघांना नवी बैठक दाखवली. मी खिडकीबाहेर टेकून उभी होते, सगळं दिसत होतं. गुलाबी भिंत, लोंबते दिवे, मधोमध सोफा. माझ्या कड्यांतून प्लॅस्टिकची फुलं सोडलेली. मॅडम आनंदाश्रूंची वाट पाहत होत्या.

नत्थुजींनी सवयीने वर पाहिलं. "बंगई, हिले..."

वाक्य तिथेच राहिलं. त्यांनी फुलांकडे पाहिलं, सोफ्याकडे पाहिलं. मग ते वळले. "सुभद्रा, बंगई पाह्यजे का तुले?"

"मले इचारता? तीन वर्सांनी?"

"इचारून राहिलो ना."

"पाह्यजे."

मॅडमना काहीच कळेना. तेव्हा नत्थुजींनी कॅमेऱ्यासमोर हात जोडले. "मॅडम, तीन वर्सं आमी बोललो नाई. गजऱ्याचं खोटं हाये. चूक माही हाये. पातोडी हिच्याच हातची चांगली."

"टीव्हीवर खोटं नका बोलू!" सुभद्राबाई कडाडल्या. "पंचफुलाचीच चांगली होती. मीच दोन वाट्या रस्सा पेली. पन पन्नास मानसांत काहून सांगावं? घरी येऊन, बंगईवर बसून सांगतलं असतं, तर मी नाई म्हनलं असतं काय?"

"चुकलं," नत्थुजी म्हणाले. मॅडमना शेवटी अश्रू मिळाले, पण ते त्यांचे स्वतःचेच.

त्याच संध्याकाळी शाकीबने मला पुन्हा टांगलं, कड्यांना तेल दिलं आणि एक पैसाही घेतला नाही. सोफा गोठ्यात गेला. तिथे एक कालवड त्याचं रेक्झीन आवडीने चघळते, असं ऐकते.

आता दोघं माझ्यावर शेजारी बसतात आणि मनसोक्त भांडतात. काल तुरीच्या शेंगांवरून तासभर चाललं होतं. मला कोणी काही सांगत नाही, विचारत नाही. वाईट वाटतं का? थोडं वाटतं. नोकरी गेली की कोणालाही वाटतं.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूंना पुसा, तेल द्या, त्यांच्यावर जोडे घालून चढू नका. पण तुमचा अबोला आमच्या गळ्यात बांधू नका. त्या तीन वर्षांत मी एकही निरोप पोचवला नाही. मी लाकडाची फळी, मी काय पोचवणार? बैठक आणि स्वयंपाकघर यांच्यात एकच दार होतं, आणि ते उघडंच होतं. त्यांना एकमेकांचं सगळं ऐकू येत होतं.