लाल गाडीचा मूळचा ब्रेक पॅड

मित्रांनो, मी एक जुना ब्रेक पॅड आहे. मी सांगतोय ती गोष्ट एकोणीसशे शहाण्णव सालची. इतकी वर्षं लोटली, पण माझा राग काही उतरलेला नाही. म्हातारं कोणी रागावलं की लोक हसून सोडून देतात. तुम्ही मात्र ऐकून घ्या.

पोलादाची पाठ आणि तिच्यावर दाबून बसवलेला खरखरीत मसाला, अशी आमची घडण. हा मसाला झिजण्यासाठीच असतो. चालकाने पेडल दाबलं की आम्ही दोघं भाऊ चाकातल्या लोखंडी तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतो, तिला थांबवतो आणि थांबवता थांबवता स्वतः थोडे संपतो. यात कमीपणा काही नाही. मी एका लाल, दोन माणसांच्या स्पोर्ट्स कारच्या पुढच्या उजव्या चाकात बसलो. भलती चपळ गाडी! अगदी वळणाच्या तोंडाशी येऊन तिला थांबायची आठवण व्हायची, आणि मी तिला एकदाही तोंडघशी पाडलं नाही.

मग गाडी म्हातारी झाली आणि लोक मुद्दाम तिला बघायला येऊ लागले. माझं दुर्दैव इथून सुरू झालं. गाडीचे मालक, त्यांना सगळे साहेब म्हणत, जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात भाग घेऊ लागले. तिथला नियम असा, की गाडीचे जितके भाग कारखान्यातून आले तसेच, मूळचे, तितके गुण जास्त. परीक्षक टॉर्च आणि लांब दांडीचा आरसा घेऊन चाकाच्या तारांमधून आत डोकावत. म्हणून साहेबांनी बारीक कुंचला आणला आणि माझ्या पाठीवरचा कारखान्याचा नंबर पांढऱ्या रंगाने गिरवला. केवढं ते कौतुक! माझा मसाला नखाएवढा उरला होता. तो कोणी बघितला? कोणीही नाही.

एके दिवशी बाई, म्हणजे साहेबांची बायको, गाडीत पेट्रोल भरायला गेल्या. सिग्नलला त्यांनी पेडल दाबलं. मी जीव तोडून तबकडी धरली, पण धरायला अंगात काही उरलंच नव्हतं. गाडी पांढरा पट्टा ओलांडून पार चौकात गेली. एका सायकलवाल्याने बाईंचा जो उद्धार केला तो तुम्हा मुलांना सांगण्यासारखा नाही.

"अहो, ब्रेक लागत नाही," घरी येऊन बाई म्हणाल्या.

"ब्रेक लागतो. तुझा पाय लागत नाही," साहेब बॉनेट पुसता पुसता म्हणाले.

"पंधरा वर्षं गाडी चालवतेय मी!"

"ती डबडी गं. हिला ओळखीचा पाय लागतो."

चाकात बसून हे ऐकताना माझं डोकं फिरलं. मला ओरडता आलं असतं तर, असं मी म्हणणार नाही. मी ओरडतच होतो! पेडल दाबलं की किंचाळत होतो. त्यावर साहेब पाहुण्यांना सांगत, "ऐकलंत? जुन्या गाडीचा आवाजच न्यारा."

बाईंनी दुसऱ्या दिवशी, साहेब कामावर गेल्यावर, गाडीची दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्रींनी जॅक लावला, चाक उतरवलं आणि चष्मा कपाळावर सरकवून आत बघितलं.

"वहिनी, हा पॅड कुठला? नुसता पत्रा आहे."

"मग साहेबांना सांगायचं नाही का?"

"दोनदा सांगितलं. म्हणाले, प्रदर्शन होऊ दे. मूळचे काढले तर चार गुण जातात."

"प्रदर्शन टेकडीवर आहे, मिस्त्री. येताना सगळा उतार. आणि शेजारी मी बसणार. माझ्या जिवाची किंमत चार गुण?"

मिस्त्रींनी हातोडी उचलली. त्यांनी दोन पिना ठोकून बाहेर काढल्या आणि मला ओढून जमिनीवर ठेवलं. तुम्हाला वाटेल, मला रडू आलं असेल. छे! सुटलो एकदाचा. पुढच्या दोन्ही चाकांत मिळून चार नवे पॅड बसले, जाडजूड, खरखरीत. बाईंनी गाडीत बसून पेडल दाबलं तर ते थेट तळाला गेलं.

"अहो मिस्त्री, हे काय!"

"घाबरू नका. नवा पॅड बसवला की पहिल्यांदा असंच होतं. दाबत राहा." दहाबारा वेळा दाबल्यावर पेडल घट्ट झालं. मग मिस्त्री म्हणाले, "एक राहिलं. पाठीवर नंबर दिसला नाही तर साहेब आरशातून बघतील आणि मला पुन्हा हेच बसवायला लावतील."

बाई आत गेल्या आणि नवऱ्याचाच कुंचला घेऊन आल्या. मला समोर ठेवून त्यांनी तोच नंबर नव्या पॅडच्या पाठीवर उतरवला. नंतर नवे पॅड रुळावेत म्हणून गल्लीत तीस वेळा गाडी पळवली आणि तीस वेळा थांबवली. शेजारीण खिडकीतून ओरडली, "वहिनी, या वयात गाडी शिकताय?"

"हो ना! माझा पाय लागत नाही म्हणे!" बाईंनी ओरडून सांगितलं.

प्रदर्शनाच्या दिवशी मी रुमालात गुंडाळलेला, बाईंच्या पर्समध्ये होतो. टेकडीवर परीक्षकांनी आरसा घातला, नंबर वाचला, माना डोलावल्या आणि पूर्ण गुण दिले. माझं आयुष्य ज्या चार गुणांपायी नासलं, ते हे असे रंगाच्या चार फटकाऱ्यांवर मिळत होते!

परत येताना तिसऱ्या वळणावर एका फाटकातून पाइप लादलेला ट्रक उलटा बाहेर आला. साहेबांनी पेडल दाबलं. पर्स बाईंच्या मांडीवरून घसरून पायाशी आदळली आणि गाडी थांबली. पाइपांची टोकं काचेपासून हातभर लांब होती. मित्रांनो, त्या चाकात मी असतो तर गाडी थांबली नसती. मला माझी लायकी माहीत होती. साहेबांनाच ती माहीत नव्हती.

खाली बक्षीस समारंभ होता. पांढऱ्या चादरीच्या टेबलाभोवती गाडीवाले जमले होते, मधे पहिल्या नंबराची ढाल.

"ट्रक असा समोर आला आणि गाडी जागच्या जागी!" साहेब सांगत होते. "इतकी वर्षं झाली तरी मूळचा माल तो मूळचा!"

बाईंनी पर्स उघडली आणि मला ढालीशेजारी ठेवलं. चादरीवर काळा डाग पडला.

"अहो, तुमचा मूळचा हा इथे आहे," त्या म्हणाल्या. "सकाळपासून माझ्या पर्समध्ये बसलाय. तुम्हाला ज्याने थांबवलं तो मंगळवारी दुकानातून आणलाय. नंबर मी रंगवलाय, तुमच्याच कुंचल्याने. नीट जमलाय ना?"

कोणी हसलं नाही. साहेबांनी मला उचललं, आडवं धरलं आणि पहिल्यांदाच नंबर सोडून माझ्या मसाल्यावरून बोट फिरवलं. बोटाला थेट पत्राच लागला. मला दया आली नाही. अजूनही येत नाही.

मित्रांनो, जी वस्तू झिजण्यासाठी बनली आहे, तिला काचेत ठेवून ओवाळू नका. तिच्यात किती उरलंय ते बघा, आणि काही उरलं नसेल तर बदला. तिच्यावर प्रेम असेल तर लवकर बदला.

साहेबांनी त्याच संध्याकाळी परीक्षकांना खरं सांगून ढाल परत केली. पुढे ते प्रदर्शनात इतरांच्या चाकांत आरसा घालून "हे कधी बदललेत?" असं विचारत भांडू लागले आणि त्यांना बोलावणी येईनाशी झाली. ते वारले त्याला सहा वर्षं झाली. मिस्त्रींचे गुडघे गेले. ते आता मुलीकडे असतात आणि गॅलरीतून रस्त्यावरच्या गाड्यांना नावं ठेवतात. बाई अजून लाल गाडी चालवतात. आतापर्यंत त्यांनी पाच वेळा पॅड बदलले आणि एकाचंही नाव काढलं नाही.

मला मात्र साहेबांनी मरेपर्यंत कपाटात जपून ठेवलं होतं. गेल्या आठवड्यात बाईंनी कपाट आवरलं आणि मला भंगाराच्या डब्यात टाकलं. भंगारवाला सोमवारी येतो. तोवर तुमच्यापैकी कोणाला मी दिसलोच, तर कृपा करून मला वाचवू नका.