पट्ट्याबाहेरचे ठिपके

मी एक जुनी तापमान नोंदवणारी डबी आहे. काडेपेटीएवढी, पांढरी, एका कोपऱ्यात तडकलेली. दर तासाला खोलीतला उष्मा मोजून पोटात साठवायचा, एवढंच माझं काम. मित्रांनो, आमच्या जातीला राग येत नाही असं लोक मानतात. मला आला, आणि मी तो अंशाअंशाने जपला.

अंकुशनगरजवळ ऊसतोड कामगारांच्या मुलींसाठी एका संस्थेने पत्र्याचं वसतिगृह बांधलं. इंजिनिअर होते राधेश्याम. त्यांच्या कचेरीत सबा नकाशे काढायची. पत्र्याखाली छत घाला, भिंतीत उंचावर झरोके ठेवा, असं तिने सुचवलं, तेव्हा त्यांनी तिच्या नकाशावर चहाचा कप टेकवला. तिने पुन्हा सुचवलं, तेव्हा तिला कामावरून काढलं. एप्रिलमध्ये सातवीतली अंजू भर दुपारी खोलीत चक्कर येऊन पडली आणि दोन दिवस दवाखान्यात राहिली. पोर उपाशी असेल, एवढंच राधेश्याम म्हणाले.

त्याच आठवड्यात सबाने मला विकत आणलं. स्वयंपाकीण गोपिकाबाईंनी मला अंजूच्या खाटेवरच्या खिळ्याला टांगलं. पहिल्याच दुपारी मी एक्केचाळीस अंश नोंदवले.

चार दिवसांनी राधेश्याम पाहणीला आले. त्यांनी मला ओळखलं, खिळ्यावरून ओढलं आणि माठामागे फेकलं. माझा कोपरा तेव्हाच तडकला. त्या ओल्या गारव्यात मी दोन दिवस खोटी साक्ष देत पडले. ते तीस अंश आठवले की मला अजून लाज वाटते. शेवटी गोपिकाबाईंनी मला शोधून जागेवर लावलं आणि दोन्ही तारखा कोळशाने भिंतीवर लिहिल्या.

महिनाअखेरीस संस्थेचे अध्यक्ष धुळाजी यांनी बैठक बोलावली. ती त्याच खोलीत, दुपारी तीन वाजता घ्यावी, अशी विनंती सबाने केली होती. तिने माझ्या नोंदी संगणकात उतरवल्या होत्या. बाहेरचा उन्हाळा चढतो तसं माणसाचं अंगही थोडं सरावतं, म्हणून सोसवेल अशा तापमानाचा पट्टा पडद्यावर वर सरकतो. खोलीतला एकेक तास म्हणजे एकेक ठिपका.

राधेश्याम हसून म्हणाले, "ह्या पोरी उन्हातच वाढल्यात. शहरातला हिशोब इथं लावू नका."

सबा याच वाक्यासाठी थांबली होती. माउस त्यांच्याकडे सरकवत ती म्हणाली, "बराबर आहे, सर. मंग इथल्या सवयीचा पट्टा तुम्हीच लावा."

त्यांनी सगळ्यात रुंद पट्टा निवडला, वर पंख्याच्या वाऱ्यात थोडं जास्त सोसवतं म्हणून तीही सवलत जोडली. वरची रेघ पस्तीस अंशांवर गेली. मग सबाने कळ दाबली आणि माझे ठिपके पडले. दुपारचे सगळे ठिपके पट्ट्याच्या वर, लांब वर. फक्त दोन दिवसांचे तेवढे पट्ट्यात.

हे दोन दिवस गार कसे, असं धुळाजींनी विचारलं.

"तवा डबी माठामागं होती," गोपिकाबाई दारातून म्हणाल्या. "सायबांनी टाकल्ती. तारखा भिंतीवर हायेत, वाचा."

घाम पुसत राधेश्याम उठले. सबा शांतपणे म्हणाली, "बसा ना, सर. अजून एक तास. पोरी रोज बसतात."

धुळाजी हलले नाहीत, म्हणून राधेश्यामांनाही बसावं लागलं. सदरा पाठीला चिकटला, गळपट्टी भिजली. चार वाजता मी नोंदवलं: बेचाळीस. इतकी गोड नोंद मी आयुष्यात दुसरी केली नाही.

वसतिगृहाचं काम सबाकडे आलं. छत झालं, झरोके झाले. अंजू आता दुपारी त्याच खाटेवर अभ्यास करते. माझ्या जागी नव्या डब्या आल्या, आणि मी सबाच्या कपाटात दोन वर्षं धूळ खात पडले. कोणी आठवणही काढली नाही.

गेल्या आठवड्यात कपाट उघडलं. हसनाबादकडे राधेश्यामांनी एक शाळा बांधली, पत्र्याचीच, असं सबाच्या कानावर आलं होतं. तिने मला पुसलं, नवा सेल घातला आणि तिथल्या एका वर्गात टांगलं.

मित्रांनो, तुमच्या वर्गाच्या भिंतीवर एखादी तडकलेली पांढरी डबी दिसली, तर तिला हलवू नका आणि कोणाला हलवूही देऊ नका. तुम्ही रोज काय सोसता, ते ती लिहून ठेवत असते. मी पहिला तास मोजायला घेतला आहे.