चेअरमनसाहेबांची शंकरपाळी

सरवरी शेख १९७१ साली पुण्यात एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. विषय संख्याशास्त्र. मार्चमध्ये विभागाच्या फळ्यावर एक कागद लागला. नगर जिल्ह्यातला एक साखर कारखाना पुढच्या हंगामाचं ऊसतोडणीचं वेळापत्रक पुण्यातल्या एका कंपनीच्या कॉम्प्युटरवर करून पाहणार होता. त्यासाठी उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिने एक विद्यार्थी हवा होता. मुलाखत कारखान्यावर.

कारखाना सरवरीच्या बेलापूरपासून तासाभराच्या वाटेवर. तिचे वडील बाबाजान बारा वर्षं त्याच कारखान्याला बैलगाडीनं ऊस वाहत होते. तिनं त्याच दिवशी अर्ज टाकला. दुसरा अर्ज तिच्या वर्गातल्या गोरक्षनाथचा. तो नगरच्याच अकोले तालुक्यातल्या डोंगरातला. एकदा वाचलेलं पान विसरत नसे. कॉम्प्युटर मात्र दोघांनीही सरांनी खडूनं फळ्यावर काढला होता तेवढाच पाहिला होता.

मुलाखतीच्या दिवशी बाबाजान लेकीबरोबर आले. व्हरांड्यातल्या बाकावर बसल्यावर हळूच म्हणाले, "चेअरमनसाहेबांपुढं लई बोलू नको. मला रोज त्याच फाटकातनं गाडी न्यायची हाय."

आत दोघंच होते. कारखान्याचे चेअरमन आबासाहेब आणि कंपनीचे इंजिनिअर दामले. उकाड्यामुळं दार सताड उघडं होतं, त्यामुळं बाकावर सगळं ऐकू येत होतं.

गोरक्षनाथ आधी गेला. दामल्यांनी कॉम्प्युटर म्हणजे काय विचारलं. त्यानं न अडखळता दीड मिनिट इंग्रजीत सांगितलं. दामल्यांनी मान डोलावली.

"छान," आबासाहेब म्हणाले. "आता हेच बेलापूरच्या बाजारात सांगायचं झालं, तर कसं सांगशील?"

"साहेब," गोरक्षनाथ म्हणाला, "बाजारात मी न्हाई सांगणार."

आबासाहेब हसले, पण तो बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

सरवरी आत गेली. दामल्यांनी तिच्यापुढं कोरा कागद सरकवला. "सहा हजार सभासद आहेत. कुणाचा ऊस आधी तोडायचा, हे कॉम्प्युटरनं ठरवायचं आहे. त्याला काय काय विचारायला लावशील?"

तिनं पेन्सिल घेतली आणि चौकोन काढायला लागली. मधे मधे कोनावर उभा केलेला चौकोन येई. आबासाहेब खुर्चीतून पुढं वाकले.

"ही शंकरपाळी कशाला?"

"जिथं हो का नाही विचारायचं, तिथं अशी काढतात."

तिची पहिली शंकरपाळी होती: ऊस बारा महिन्यांचा झाला का? दुसरी: पाणी तोडून पंधरा दिवस झाले का? तिसरी: गाडीवाट ओढ्यातून जाते का?

"ओढ्याचं कुठल्या पुस्तकात आहे?" दामल्यांनी विचारलं.

"पुस्तकात नाही. ओढ्यात गाडी रुतली की ऊस दोन दिवस उन्हात राहतो आणि वजन घटतं. लहानपणी मी गाडीवर बसून असायची."

बाहेर बाबाजान खाकरले.

आबासाहेबांना आता गंमत वाटायला लागली होती. "माझाच ऊस घाल त्यात. लागण फेब्रुवारीतली. बघू कुठं जातो."

सरवरीनं पहिल्याच शंकरपाळीवर पेन्सिल टेकवली. "हंगाम नोव्हेंबरला सुरू होणार. ऊस नऊ महिन्यांचा. म्हणजे नाही." मग ती बाणावरून शेवटच्या चौकोनापर्यंत गेली आणि तिनं त्यात लिहिलेलं वाचलं, "थांबा."

"थांबा?"

"व्हय, साहेब. फेब्रुवारीपर्यंत."

आबासाहेबांचा ऊस दर वर्षी पहिल्या आठवड्यात तुटतो, हे तालुक्यातल्या प्रत्येक गाडीवानाला ठाऊक होतं. त्यांनी कागद स्वतःकडं ओढला. "आणि यात चेअरमन कुठं धरलाय?"

दामल्यांनी खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली.

"धरला नाही," सरवरी म्हणाली. कागद अपुरा राहिलेला तिला खपत नसे. "धरायचा असला तर धरता येतो." तिनं सगळ्यांत वर नवी शंकरपाळी काढली आणि आत स्वच्छ अक्षरांत लिहिलं: ऊस चेअरमनचा आहे का? "हो आलं, की पहिला नंबर. पण कॉम्प्युटर आडनाव ओळखत नाही. त्याला हे प्रत्येक सभासदाच्या वेळी विचारावं लागणार. सहा हजार वेळा."

"सहा हजार?" आबासाहेबांनी दामल्यांकडं पाहिलं.

"बरोबर आहे," दामले म्हणाले. "आणि प्रोग्रॅमचा कागद छापून येतो. तो करारानुसार वार्षिक सभेपुढं ठेवायचा आहे."

मग आबासाहेब म्हणाले, "खोडरबर हाय का कुनाकडं?"

दामल्यांनी खिशातून काढून दिलं. आबासाहेबांनी ती शंकरपाळी स्वतःच्या हातानं खोडली आणि कागदावरचा चुरा फुंकरीनं उडवला. "पोरी, तू कुनाची?"

"बाबाजान गाडीवानाची."

"तरीच."

अर्ध्या तासानं कारकून बाहेर आला. सरवरी शेख, एक मेपासून पुण्यात हजर व्हायचं. बाबाजाननी टोपी काढून पुन्हा घातली. एवढंच केलं त्यांनी. मग कारकुनाला विचारायला लागले, की सुट्टीत होस्टेल बंद असतं, तर पोरगी राहणार कुठं.

परतीच्या एसटीत गोरक्षनाथ त्यांच्या पुढच्या बाकावर बसला. सरवरीला वाटलं, तो रुसला असणार.

मग तो वळला. "एक विचारू? तोडणीची टोळी सणाला गावी गेली, हे तू कुठल्या शंकरपाळीत धरलंस?"

सरवरीचा चेहरा उतरला. कुठल्याच नाही.

"संक्रांतीला निम्म्या टोळ्या जातात," बाबाजान म्हणाले. "दरसाल."

गोरक्षनाथनं पिशवीतून वही काढली आणि बाकाच्या पाठीवर ठेवली. गाडी इतकी हादरत होती, की पहिला चौकोन काढता काढता भाकरीसारखा गोल झाला. तो तसाच ठेवून दोघांनी टोळीची शंकरपाळी काढायला घेतली.