बोलून संपवायचं गाणं

पहिलं गाणं संपलं आणि ऊना मकगिन यांनी चहाचा कप तसाच हातात धरून विचारलं, "हे शेवटचे शब्द कोणी गायलेत?"

"तुम्हीच," ऋजुता म्हणाली.

"मी नाही."

ऊनांच्या गाण्यांच्या सीडींची खोकी सकाळीच इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या त्यांच्या घरात आली होती आणि संध्याकाळी आयरिश क्लबमध्ये प्रकाशन होतं. ऊना तरुणपणी आयर्लंडहून नर्स म्हणून इथे आल्या. तेव्हापासून पबमध्ये, लग्नांत, मयताच्या घरी त्या साथीशिवाय गात आल्या, पण रेकॉर्ड करायला कधी तयार झाल्या नाहीत. घशाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा कुठे हो म्हणाल्या. आता बोलता येत होतं, गाता येत नव्हतं. होता नव्हता तो आवाज या सीडीत होता.

ऋजुता पुण्याची. इथे ध्वनिशास्त्रात एमएस्सी करून स्टुडिओत लागलेली. रेकॉर्डिंग तिचंच.

"शेवटचे शब्द तुम्ही नुसते बोलला होतात," ती म्हणाली. "मला वाटलं, दम पुरत नाहीये. आधीच्या कडव्यांत तेच शब्द गायलेले होते, ते कापून तिथे जोडले. सांधा कळत नाही ना?"

"सगळ्या गाण्यांत?"

"हो."

"म्हणजे प्रत्येक वेळी नेमका शेवटीच माझा दम संपला?"

ऋजुताच्या आत्ता लक्षात आलं. चूक अशी ठरावीक जागी, न चुकता होत नाही. प्रयोगशाळेत तिनं अशा नोंदीला हातसुद्धा लावला नसता.

"आमच्याकडे गाणं बोलून संपवतात," ऊना खरखरत म्हणाल्या. "गाताना माणूस लांब गेलेला असतो. शेवटचे शब्द बोलला की परत आपल्यांत येऊन बसतो. आईनं मला असंच शिकवलं. तू मला बाहेरच ठेवलंस, पोरी."

"मूळ रेकॉर्डिंग आहे. मी पुन्हा..."

"ते करच. पण लोक आज येणारेत."

क्लबमध्ये ऊना प्लेअरशेजारी खुर्ची ओढून बसल्या. पहिल्या गाण्याच्या शेवटच्या ओळीपाशी त्यांनी मान हलवली. ऋजुतानं बटण दाबलं. आवाज तुटला, आणि त्या शांततेत ऊनांनी उरलेले शब्द फाटक्या गळ्यानं बोलून टाकले.

"शाबास, ऊना," मागून कुणीतरी म्हणालं.

ऋजुताचं बोट बटणावरच थिजलं होतं.

"लाव पुढचं," ऊना म्हणाल्या. "बघतेस काय?"