ठिणगीची बरणी

जावयांच्या गॅरेजच्या वरच्या मजल्यावर माझी खोली आहे. खाली काय चाललंय ते मला आवाजावरून आणि वासावरून कळतं. त्या दुपारी सडक्या अंड्यांसारखा वास वर आला आणि मी हातातलं पुस्तक मिटलं. दातांच्या डॉक्टरांची पांढरी गाडी परत आली असणार, हे खिडकीशी जायच्या आधीच माझ्या लक्षात आलं होतं. आपला अंदाज खरा ठरला म्हणून क्षणभर बरंही वाटलं. त्याची मला अजून लाज वाटते.

दोन महिन्यांपूर्वी हीच गाडी जावयांनी 'तयार' केली होती. डॉक्टर दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून बसतात, त्यामुळे संध्याकाळी तरी आपला आवाज कुणीतरी ऐकावा असं त्यांना वाटत असावं. पायडलवरून पाय उचलला की मागून फाड-फाड बार उडले पाहिजेत, ही त्यांची फर्माईश. जावयांनी लॅपटॉप जोडला आणि इंजिनात जाणारं पेट्रोल वाढवलं. जळायचं राहिलेलं पेट्रोल मागच्या नळीत जाऊन पेटतं, तोच तो बार.

नळीच्या वाटेवर धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. गॅरेजमध्ये त्याला सगळे नुसतं 'डबा' म्हणतात. आत मधाच्या पोळ्यासारखी चिनीमातीची बारीक जाळी असते. मी तंत्रनिकेतनाच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं काढली. पान्हा कधी हातात धरला नाही, पण मोटारींवरचं एकही पुस्तक वाचायचं सोडलं नाही. त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं: न जळलेलं पेट्रोल त्या जाळीत जाऊन पेटलं, तर सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो, जाळी वितळते, मग वाट बुजते आणि गाडीचा श्वास कोंडतो.

त्या रात्री जेवताना मी म्हणालो होतो, "कदाचित त्या डब्याला जास्तीचं पेट्रोल सोसणार नाही, असं वाचल्यासारखं वाटतं."

"बाबा," जावई हसत म्हणाले, "पुस्तकात गाडी कधी गरम होते का?"

मुलगीही हसली. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी डब्याची हीच शंका वेल्डरनं काढली. त्याला सगळे ठिणगी म्हणत. वय छप्पन्न, अंगानं काटकुळा, शर्टाच्या दोन्ही बाह्यांना जळक्या भोकांची नक्षी. जावयांच्या वडिलांनी त्याला कामाला ठेवलं होतं. जावयांना हात धरून वेल्डिंग शिकवलं तेही यानंच.

"मालक, नळी रुंद करून देतो. पण डब्याचं काय?"

"डब्याचं तू नको बघू. मागच्या सेन्सरला कॉलर लाव."

कॉलर म्हणजे बोटभर लोखंडी नळकांडं. ते बसवलं की सेन्सर धुरापासून लांब राहतो आणि डबा बिघडला तरी डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागत नाही. आमच्याकडे तयार होणाऱ्या प्रत्येक गाडीला ते लागायचं. गिऱ्हाईकाला दिवा आवडत नाही, असं जावई म्हणत.

ठिणगीनं डब्याच्या तोंडाशी रुंद नळी जोडली. त्याची एक पद्धत होती. जोड झाला की तो तारेचा ब्रश आत घालून खरवडायचा, नळी उलटी करायची, हातोडीनं हलकेच ठोकायची आणि आत सांडलेले लोखंडाचे मणी तळहातावर घ्यायचा. मोहरीएवढे काळे मणी. ते कॉफीच्या एका रिकाम्या बरणीत टाकायचा. एकही मणी नळीत राहिला तर पुढे जाळी फोडतो, म्हणून. बरणी तीन-चतुर्थांश भरली होती.

"एकोणीस वर्षांची कमाई आहे काका," तो मला म्हणायचा. "गळ्यात घालायला माळ करू का तुमच्यासाठी?"

आता गाडी परत आली होती. चढावर सायकलवाला पुढे जात होता, म्हणून डॉक्टर तणतणत होते. शिवाय गाडीच्या तळाचा गालिचा करपला होता आणि त्यावर पाय ठेवून बसलेल्या त्यांच्या बायकोच्या तळपायाला फोड आला होता.

"माझ्या बायकोचा पाय भाजलाय. उद्या मला सांगा चूक कुणाची. नाहीतर परवा मी तपासणी कार्यालयात जातो आणि तुमच्या सगळ्या गाड्या उघडायला लावतो."

सगळ्या गाड्यांना कॉलर होती, आणि ती बेकायदा. जावयांचा चेहरा उतरला. पण अर्ध्याच मिनिटात तो परत चढला, आणि ते अंगणाच्या कोपऱ्यात काम करणाऱ्या ठिणगीकडे बघत म्हणाले, "जोडातला मणी सुटला असेल डॉक्टर. आमचा माणूस आता म्हातारा झालाय. उद्या या, सोक्षमोक्ष लावू."

डॉक्टर गेल्यावर ठिणगीनं स्वतःच तो डबा ग्राइंडरनं चिरला. जावई फोनवर होते. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर उभा होतो. दोन भाग वेगळे झाले. आत जाळी नव्हतीच. मेणबत्ती विझल्यावर तळाशी साचतं तसं काहीतरी, वर काचेसारखी साय, सगळी भोकं बुजलेली.

"हे फुटलेलं आहे का काका?"

"नाही," मी म्हणालो. "वितळलंय."

ठिणगीनं माझ्याकडे बघितलं. मी वर जाऊन मुलीच्या फ्रिजवरचं चुंबक आणलं. त्या वितळलेल्या गोळ्याला लावलं, तर ते खाली पडलं. दुसऱ्या बाजूनं लावलं, परत पडलं. लोखंडाचा कणही नव्हता त्यात. बरणीतल्या मण्यांना लावलं तर झटकन वीस-पंचवीस मणी दाढीसारखे लोंबले.

ठिणगी आधी हसला आणि मग एकदम गंभीर झाला.

"काका, हे तुम्ही उद्या सांगा. मी सांगितलं तर मालकाला उलटून बोलल्यासारखं होईल. आणि मला इथून डाग लावून काढलं, तर छप्पन्नाव्या वर्षी कोण दारात उभं करणार? तुमचं ऐकतील. तुम्ही शिकलेले."

"सांगतो."

"नक्की?"

"नक्की," मी म्हणालो. त्या वेळी ते अगदी सहज तोंडातून निघालं.

रात्रभर मी वाक्यं जुळवली. तीनच होती: जाळी वितळली आहे, फुटलेली नाही. चुंबक लागत नाही, म्हणजे यात मणी नाही. पेट्रोल जास्त आहे. सकाळी आरशासमोर उभा राहून म्हणूनही बघितली. मग वाटलं, पुस्तक जुन्या आवृत्तीचं असेल तर? एखादा मणी वितळलेल्या चिनीमातीत झाकून गेला असेल तर? आणि मी राहतो कुणाच्या घरात? मुलगी चहा देताना नुसतं एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्ही खाली मध्ये पडू नका हं. ते फार ताणात आहेत." मी मान हलवली. चुंबक मात्र खिशात घातलं.

काचेच्या केबिनमध्ये आम्ही पाच जण होतो. मुलगी दाराशी, डॉक्टर खुर्चीत, ठिणगी उभा, मी कपाटाला टेकून. जावयांनी डब्याचे तुकडे दाखवलेच नाहीत. त्यांनी टेबलावर बरणी ठेवली.

"हे बघा डॉक्टर. याच्या जोडांतून सुटलेले मणी. मीही आजच नीट पाहिले. एवढे!"

डॉक्टरांनी बरणी उचलून हलवली. पावसाळी पत्र्यासारखा आवाज झाला. "बाप रे," ते म्हणाले. "हे सगळं लोकांच्या गाड्यांमध्ये?"

ठिणगीचं तोंड उघडं राहिलं. काळजीनं काढून ठेवलेला एकेक मणी त्याच्यावर उलटत होता. त्यानं माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

"यात... एक गोष्ट," मी म्हणालो. "ते मणी तो बाहेर काढतो. म्हणजे आत राहू नयेत म्हणून. आणि जाळी, माझ्या वाचनात असं आलंय की, कदाचित, पेट्रोल जास्त झालं तर ती वितळूही शकते."

"वितळूही शकते म्हणजे?" डॉक्टर म्हणाले. "मणी नव्हता, असं नक्की सांगता का तुम्ही?"

हात खिशात गेला. चुंबक बोटांना लागलं. समोर जावई माझ्याकडे बघत होते. रागानं नाही, तर मुलाला उत्तर आठवत नसलं की बाप बघतो तसे.

"नक्की असं... मी काही मेकॅनिक नाही," मी म्हणालो. "माझी चूकही होत असेल."

"झालं तर," जावई म्हणाले.

ठिणगी म्हणाला, "राहू द्या काका." आवाजात तक्रार नव्हती. त्यानं हातमोजे काढले, एकावर एक ठेवले आणि टेबलाच्या कडेला नीट सरळ करून ठेवले. मुलगी त्याला वाट द्यायला बाजूला झाली.

डॉक्टरांच्या गाडीला नवा डबा लागला, नटबोल्टनं कसलेला, वेल्डिंगचा एकही जोड नसलेला. बार तसेच उडत राहिले. सातव्या आठवड्यात तोच वास वर आला.

या वेळी जावई जिना चढून माझ्या खोलीत आले. लग्नानंतर पहिल्यांदाच. खुर्चीवर पुस्तकं होती म्हणून उभेच राहिले.

"बाबा, तुमच्या त्या पुस्तकात काय म्हटलंय हो?"

मी पान काढून दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. खाली जाऊन लॅपटॉपवर पेट्रोल कमी केलं. त्या गाडीचं केलं, आणि एकेक करून बाकीच्या गाड्या बोलावून त्यांचंही केलं. डॉक्टरांना म्हणाले, डब्याचा माल खराब निघाला. डॉक्टरांनी मान डोलावली. ठिणगीचं नाव कुणी काढलं नाही. मी जेवताना काढलं. "बाबा, झालं गेलं," मुलगी म्हणाली आणि मला भाजी वाढली.

बरणी केबिनच्या कपाटामागे पडली होती. ती पिशवीत घालून मी ठिणगीच्या घरी गेलो. घरापुढच्या पत्र्याच्या आडोशाला तो एक फाटक जोडत होता. सोबत कुणी नव्हतं. उठून उभा राहिला, मला स्टूल दिलं, पाणी दिलं.

"बसा काका. फाटकं करतो आता. फाटकात जाळी नसते, बरं असतं."

मी बरणी त्याच्यापुढे ठेवली. "जाळी वितळलीच होती. मणी नव्हता. दुसरा डबाही तसाच गेला. मी... मला आता..."

"आता नक्की आहे?"

"नक्की."

"बरं झालं." त्यानं बरणी उचलली, झाकण घट्ट आहे का बघितलं आणि ती फाटकाखाली टेकू म्हणून आडवी सरकवली. फाटक एका बाजूनं हलत होतं, ते स्थिर झालं. मग त्यानं डोळ्यांपुढे काळी काच ओढली.

"तोंड फिरवा काका," तो म्हणाला. "तुम्हाला सोसायचं नाही."

मी तोंड फिरवलं.